काजळ कुणी घातलं

“शरयू, इतके मोठे डोळे आपल्या घराला लाभत न्हाईत गं.”

बारशासाठी टेंभुर्णीहून आलेली धाकटी आत्या पाळण्यावर वाकून हे बोलली, तेव्हा दोरी धरून गाणाऱ्या बायका मध्येच अडखळल्या. शरयू मात्र हसली. जालन्याच्या त्या माजघरात पुण्याला कॉलेजात शिकून आलेली ती एकटीच होती, आणि असल्या बोलण्यावर हसायचं असतं हे तिला तिथं पक्कं शिकवलं गेलं होतं.

“मंग काय करू, धाकट्या आत्या? बाजारातून बदलून आणू का, जरा बारीक डोळ्यांचं बघून?”

बायका खदखदल्या. कुणीतरी पदराआडून म्हणालं, “एक माझ्यासाठी पण आण गं.” धाकट्या आत्याच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही.

“हस बाई, हस. माझ्या पहिल्याचे असेच होते. बघणाऱ्याला वाटावं, डोळे आधी जन्माला आल्ते न् पोर मागून.”

“तो तर तापानं गेला ना?”

“तापानंच गेला. पण त्याच्या आधी कितीतरी दिवस त्यानं माझ्याकडं बघायचं सोडल्तं.” तिनं बाळाच्या गालाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. “कुणाची तरी नजर बसती घरावर. ती पोरांच्या डोळ्यात उतरती. जपून ऱ्हा, एवढंच म्हणून राह्यले.”

नजर हा शब्द आला आणि शरयूचे कान मिटले. त्याच्या आधीचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नाही. पाळणा पुन्हा हलू लागला, बाळाचं नाव आजोबांवरून जगन्नाथ ठेवलं गेलं, आणि घुगऱ्या वाटल्या गेल्या.

शरयूला दोन आत्या. थोरलीच्या मुलाला, वामनला, शरयू दिलेली. धाकटीच्या मुलाला, शरदचंद्राला, शरयूची धाकटी बहीण रजनी. आई लहानपणीच गेल्यामुळं दोघी मुली अशा रक्ताच्याच घरात पडल्या, तेव्हा सगळ्या गावानं वडिलांच्या नशिबाचं कौतुक केलं होतं. मुलीला सासूच नको, आत्याच सासू. याहून सुख ते कोणतं? आणि खरंच, थोरल्या आत्यानं शरयूला कधी सुनेसारखं वागवलं नाही. वामन जालन्याच्या अदालतीत वकील. दिवसभर उर्दू कागद आणि संध्याकाळी घर. पहिलं बाळंतपण आत्याच्या हाताखालीच झालं. रजनी बारशाला आली नव्हती. तिला नुकतेच दिवस गेले होते, आणि टेंभुर्णीच्या वाटेवरची बैलांची दमणी तिला त्या दिवसांत सोसली नसती.

जगूचे डोळे होतेच तसे. मोठे, काळेभोर, आणि त्यांतलं बुबुळ एवढं रुंद की पांढरं जेमतेम कडेला उरावं. येणारी प्रत्येक बाई दुपट्याचं टोक उचलून बघायची आणि म्हणायची, “अगं बाई, हरणाचं पाडस का काय!” वामन अदालतीतून येऊन पगडी खुंटीवर टांगायचा आणि हात धुवायच्या आधी खोलीच्या दाराशी उभा राहायचा.

“साहेब जागे आहेत का?”

“जागेच आहेत. तुमच्या मुकदम्याचा निकाल द्यायला बसलेत.”

“मग आज माझी खैर नाही,” असं म्हणून तो अंधारात डोकवायचा.

अंधारातच, कारण बाळंतिणीच्या खोलीला एकच झरोका आणि त्याच्यावरही घोंगडी. वारा लागू नये, उजेड लागू नये. आत शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, एरंडेलाचा वास. शरयू सगळ्यावर लक्ष ठेवायची. दूध कधी घेतलं, कधी ओकलं, टाळू किती भरली, अंगावर पुरळ कुठं आहे. बालसंगोपनाचं एक इंग्रजी पुस्तक तिच्या उशाखाली असायचं. आत्या कौतुकानं म्हणायची, “हिला झोप न्हाई, पहारा हाय.”

अशी डोळ्यांत तेल घालून बसलेली ती, म्हणून पाणी पहिल्यांदा तिलाच दिसलं. जगूच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी गळायचं. पू नाही, चिकटा नाही, नुसतं पाणी. गालावरून कानात जायचं. तिनं शेगडीकडं पाहिलं, धुरीकडं पाहिलं, आणि मग बाळाच्या पापणीतल्या त्या जाड काळ्या रेघेकडं पाहिलं.

“आत्या, हे काजळ बंद.”

“आं?”

“काजळ. काजळी आहे ती, दिव्याची. त्यानं डोळे झोंबतात. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.”

थोरल्या आत्यानं काजळ स्वतः धरलेलं होतं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी घालून, त्यात घरचं तूप मिसळून. याच काजळावर तिनं वामनला वाढवला होता. “तुझ्या पुस्तकाला डोळे हायेत का गं? माझ्या वामनचे बघ, ते काय गळून राह्यलेत? काजळानं डोळा थंड ऱ्हातो. उलट मी म्हणते, तू अर्धंच घालू देतीस, म्हणून पाणी येतंय.”

झालं. घरात कधी नव्हे ते भांडण उभं राहिलं आणि ते काजळाचं. आत्या घालायची, शरयू पुसायची. आत्या रागानं वाटी कोनाड्यात ठेवायची, शरयू ती उचलून माळ्यावर टाकायची. एक दिवस आत्या रडली आणि म्हणाली, बरं बाई, तुझं मूल, तूच बघ. काजळ थांबलं. पाणी थांबलं नाही.

आता शरयूनं काय करावं? तिनं दुसरीकडं पाहायला हवं होतं. पण माणूस एकदा चोर ठरवतो आणि मग चोरी सापडली नाही की म्हणतो, चोर हुशार आहे. तिला वाटलं, कुणीतरी चोरून काजळ घालतंय. बाळाला न्हाऊ घालायला साळूबाई यायची. पायावर घेऊन, चोळून-मोळून न्हाऊ घालण्यात तिचा हात धरणारी गल्लीत दुसरी नव्हती. एका सकाळी न्हाणं झाल्यावर जगू डोळे घट्ट मिटून किंचाळत होता आणि साळूबाईच्या अंगठ्याला काळं लागलेलं होतं.

“साळूबाई, हे काय?”

“चुलीचं हाय बाई. पाणी तापवत होते न्हवं का.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगून राह्यले. तुमच्या लेकराच्या डोळ्याला हात लावला असंल तर हा हात झडंल माझा.”

शरयूनं तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. साळूबाई पदर खोचून निघून गेली. जगूचं पाणी गळतच होतं.

वामननं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला घरी आणलं. ते भले गृहस्थ होते, घाईत होते, आणि खोलीत अंधार होता. कंदिलाच्या उजेडात त्यांनी पापणी खाली ओढून पाहिलं, जगूनं जोर करून डोळे मिटले, आणि ते म्हणाले, “काजल लगाते होंगे.”

“मी बंद केलंय!” शरयू पडद्याआडून म्हणाली, आणि तिला एवढा आनंद झाला की आवाज फुटला.

“बिलकुल ठीक किया. पानी उबालकर, ठंडा करके, रुई से साफ करो. दवा देता हूँ. हो जायेगा.”

त्या दिवशी शरयूनं आत्याकडं जिंकलेल्या माणसासारखं पाहिलं. पुढं कितीतरी वेळा तिला तो दिवस आठवला, आणि दर वेळी तिला आपल्याच तोंडावर हात ठेवावासा वाटला. कारण औषधाचं पाणी डोळ्यांत घालत, उकळलेल्या पाण्यानं पुसत, ती पुढले कितीतरी दिवस शांत राहिली. पहारा होता, पण चुकीच्या दाराशी.

सव्वा महिना झाला. बाळंतीण बाहेर पडायची म्हणून ओटी भरली, बाळाला नवं झबलं, टोपडं घातलं, आणि आत्यानं त्याला छातीशी धरून अंगणात आणलं. सकाळचं कोवळं ऊन होतं. ते ऊन तोंडावर पडलं आणि जगू असा किंचाळला की समोरच्या ओट्यावरची माणसं उभी राहिली. त्यानं डोळे घट्ट मिटले, तोंड आत्याच्या खांद्यात खुपसलं, आणि काही केल्या वर काढेना. सावलीत नेला की गप्प. उन्हात आणला की पुन्हा तेच.

“दृष्ट,” आत्या म्हणाली आणि मीठ-मोहऱ्या आणायला धावली.

“अंधाराची सवय झालीय त्याला,” शरयू म्हणाली. “आपणच कोंडून ठेवलं होतं.”

दोघींपैकी कुणीही तिसरं काही म्हणालं नाही. बाळाला उजेड खुपतो, ही गोष्ट दोघींनी आपापल्या डोळ्यांनी पाहिली आणि दोघींनी आपापल्या समजुतीत बसवली.

पुढं जगू दिवसाउजेडी तोंड कुशीत खुपसून निजायला शिकला. आणि एका दुपारी, त्याला पाजताना, शरयूनं सहज खिडकीची फळी लोटली. उजेडाचा पट्टा त्याच्या तोंडावर पडला, तो दचकून मिटायच्या आत एक क्षण डोळे उघडे राहिले, आणि तिला दिसलं की त्यातलं काळं आता काळं राहिलेलं नाही. त्याच्यावर निळसर, धुरकट साय आली होती. ताकाच्या भांड्यात पाणी ओतल्यावर दिसते तशी. डावा डोळा उजव्याहून मोठा होता. तो डोळा कौतुकाचा राहिला नव्हता; तो फुगला होता.

“अहो,” ती म्हणाली. वामन घरात नव्हता. तरीही ती “अहो, अहो” म्हणत राहिली.

त्याच आठवड्यात ती दोघं जगूला घेऊन हैदराबादच्या गाडीत बसली. आत्या स्टेशनावर आली होती. डब्याच्या खिडकीतून हात घालून तिनं बाळाचा पाय धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, “शरयू, माझ्या काजळानं तर न्हाई ना गं झालं?”

गाडी हलली.

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यांचे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी घाई केली नाही, आणि शरयूला वाटलं की हेच पहिलं वाईट लक्षण. त्यांनी जगूला तिच्या मांडीवर निजवलं, त्याच्या डोक्यामागं उभे राहून कपाळावरून खाली पाहिलं.

“काय पाहता?” तिनं इंग्रजीत विचारलं.

तिला इंग्रजी येतं म्हटल्यावर ते तिच्याशीच बोलू लागले. “डोळा खोबणीतून बाहेर ढकलला गेलाय, की डोळाच मोठा झालाय, हे आधी ठरवावं लागतं. वरून पाहिलं की कळतं. मागं काही गाठ असेल तर अख्खा डोळा पुढं येतो. कधी आईच्या गळ्याच्या ग्रंथीचा आजार मुलात उतरतो, मग दोन्ही डोळे टक्क उघडे राहतात. तुमचा गळा दाखवा.” तिनं दाखवला. “तुमचं ठीक आहे. याचा डोळा जागेवर आहे. तो आतून फुगलाय.”

मग त्यांनी जगूच्या मिटलेल्या पापणीवर दोन बोटं ठेवली आणि हलकेच, एकानंतर एक, दाबली. तिचा हात धरून तिच्याच मिटल्या डोळ्यावर तसंच करायला लावलं. “आता याच्यावर करा.”

तिचा डोळा पिकल्या द्राक्षासारखा दबला होता. जगूचा दबला नाही. पापणीखाली गोटी ठेवल्यासारखा लागला.

“डोळ्यात पाणी तयार होतं आणि वाहून जातं. याची वाहून जायची वाट जन्मतःच नीट उघडलेली नाही. मोठ्या माणसाचा डोळा ताठर, तो फुगत नाही. बाळाचा मऊ, तो फुगतो. लोक म्हणतात, काय सुंदर डोळे!”

“म्हणतात,” ती म्हणाली.

“पाणी गळत होतं?”

“हो.”

“उजेड सोसत नव्हता?”

“हो.”

“कधीपासून?”

तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“काजळानं होतं का हे?”

“नाही. काजळ वाईटच. पण याच्याशी काजळाचा काही संबंध नाही.” मग त्यांनी वामनकडं पाहिलं. “तुम्ही दोघं नात्यातले?”

“ही माझ्या मामाची मुलगी,” वामन म्हणाला.

“घरात आधी असं मूल?”

वामन नाही म्हणणार होता. शरयूच्या कानात मात्र बारशाच्या दिवशी न पोचलेलं वाक्य आता पोचलं. त्यानं माझ्याकडं बघायचं सोडल्तं. तिनं ते सांगितलं, आणि सांगता सांगता तिला पुढचं दिसलं. “माझी बहीणसुद्धा आत्याच्याच मुलाला दिलीय. तिला दिवस गेलेत.”

“तर तिचं मूल जन्मल्याबरोबर बघा,” डॉक्टर म्हणाले. “होईलच असं नाही. पण झालं तर पहिल्या काही दिवसांत इथं आणा. फुगायच्या आत आलं तर काहीतरी वाचवता येतं. नंतर आम्ही फक्त दाब उतरवू शकतो, नजर परत देऊ शकत नाही.”

जगूचे दोन्ही डोळे भूल देऊन कापले. पाण्याला वाट करून देण्यासाठी एवढंसं भोक. मग पट्ट्या, थेंब, पुन्हा पट्ट्या. वामनची कामं अदालतीत अडून राहिली, तो जाऊन येऊन करायचा. शरयू खाटेच्या कडेला बसून राहायची. पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी विजेची बत्ती डाव्या डोळ्यासमोर धरली, इकडून तिकडं फिरवली. डोळा हलला नाही. उजव्या डोळ्यासमोर धरली. बाळाची मान किंचित वळली.

“उजेड आणि अंधार कळेल,” ते म्हणाले. “कदाचित हात हलला तर कळेल.”

“माझं तोंड?”

त्यांनी बत्ती खिशात ठेवली.

घरी परतल्यावर आत्यानं दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पहिलाच प्रश्न तोच केला. शरयू म्हणाली, “काजळानं नाही, आत्या. तुमच्यामुळं नाही.” आत्या उंबऱ्यावर बसून रडली, तिच्यावरचं ओझं गेलं होतं आणि नातू मात्र तसाच होता. वामन आता संध्याकाळी आल्यावर दारातूनच बोलू लागला, “साहेब, मी आलो,” म्हणून, म्हणजे जगूला आवाजावरून कळावं. थट्टा तीच होती. घरात त्यावर कुणी हसत नव्हतं. साळूबाईला बोलावणं पाठवलं. ती म्हणाली, दुसरी घरं धरली बाई.

शरयूचं सगळं लक्ष आता टेंभुर्णीकडं लागलं. तिनं वामनला धाकट्या आत्याकडं पाठवलं, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगायला. त्यानं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं, त्याला जेवू घातलं आणि म्हणाली, “जन्मायच्या आधीच लेकरू आंधळं व्हावं म्हणून निरोप धाडून राह्यली का ती?” शरदचंद्र भिडस्त माणूस, आईपुढं बोलत नाही. तो वामनला दमणीपर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, “आईचं ऐकावं लागतं दादा. पहिलं मूल असं गेलंय तिचं.”

मग एके दिवशी पुंजाराम आला. पुंजाराम म्हणजे धाकट्या आत्याची जमीन कसणारा, टेंभुर्णीहून जालन्याच्या बाजारात, मोंढ्यात, कापूस घेऊन यायचा तेव्हा घरी डोकावून जायचा. अंगणात बसून त्यानं पाणी मागितलं, आणि मिशा पुसत म्हणाला, “ताईसाहेब, पेढे द्या. रजनीबाईला पोरगी झाली.”

“कधी?”

“झाले की दिवस. बारसं बी उरकलं. तुम्हाला कळवलं न्हाई व्हय?” तो ओशाळला, आणि ओशाळल्याचं झाकायला भरभर बोलू लागला. “लई गोड लेकरू. मी काय पाह्यलं न्हाई, पर माझी बायको गेल्ती पाळण्याला. म्हनली, डोळे तर असे टपोरे, निस्ते बघत बसावं.”

शरयूनं हातातला तांब्या खाली ठेवला.

“पुंजाराम, पाणी येतं का डोळ्यांतून?”

“मला काय ठावं?”

“बायको काही म्हणाली का? नीट आठवा.”

त्यानं डोकं खाजवलं. “म्हनली खरं. पोरगी रडकी हाय, पाणी गळतंय. धाकट्या आईसाहेब म्हंत्यात, काजळ झोंबून राह्यलंय.”

दुसऱ्या दिवशी शरयू निघाली. जगूला थोरल्या आत्यापाशी ठेवून, वामनला बरोबर घेऊन. अर्ध्या वाटेपर्यंत मोटार आणि पुढं दमणी. रस्ताभर ती आपल्याच मिटल्या डोळ्यावर दोन बोटं ठेवून दाबून बघत होती, बोटांना फरक कळावा म्हणून. वामननं एकदा तिचा हात खाली ओढला.

टेंभुर्णीच्या घराच्या उंबऱ्यावर धाकटी आत्या उभी होती. जणू वाटच बघत होती.

“ये म्हणणार न्हाई, शरयू. वामन, तू ये. ती न्हाई.”

“आत्या, मी फक्त एकदा बघते. खिडकीपाशी. एक क्षण.”

“तेच नको. तुझ्या घरात जे उतरलं ते तू घेऊन आलीस तर मी कुठं जाऊ?”

“ते नजरेनं येत नाही. ते रक्तातून आलंय, आपल्या सगळ्यांच्या. तुमच्या पहिल्याला तेच होतं. त्यानं बघायचं सोडलं होतं ना? तेच, आत्या, तेच!”

आत्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. “मी सांगितलं तेव्हा बाजारातून बदलून आणते म्हणालीस. चारचौघीत. आता माझंच पोर काढून मलाच शिकवून राह्यलीस?”

शरयू पायरीवर बसली, मग वाकली, मग तिनं आत्याचे पाय धरले. आत्यानं पाय काढून घेतले नाहीत, पण दारही सोडलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुष्ट असती तर शरयू तिला ढकलून आत गेली असती.

आतल्या अंधाऱ्या खोलीतून रजनीचा आवाज आला. “ताई?”

“रजू! पोरीला उजेडात आण! खिडकीशी घेऊन बघ, मिटते का ते. बुबुळावर धुरकट दिसतं का बघ. पापणीवरून दोन बोटं—”

आत बाळ रडायला लागलं. ते रडणं आणि शरयूचा आवाज एकमेकांत मिसळले, आणि कुणीतरी आतलं दार लावलं.

बऱ्याच वेळानं, रडं थांबल्यावर, वामनला मात्र आत्या मागल्या खोलीत घेऊन गेली. तो परत आला तेव्हा शरयू दमणीच्या चाकाला टेकून उभी होती.

“दाखवली?”

“दाखवली.”

“मग?”

“निजली होती,” वामन म्हणाला. “डोळे मिटलेले होते.”

“उठवायचं!”

“उठवू दिलं नाही. खोलीत काळोख होता, शरयू. मला नाकसुद्धा नीट दिसलं नाही.”

ती जालन्याला परतली. तिनं वडिलांना गाठलं. ते म्हणाले, बहिणीच्या घरात मी काय बोलू, सव्वा महिना होऊ दे. तिनं सरकारी दवाखान्यातल्या त्या घाईच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, बोलावल्याशिवाय कुणाच्या जनानखान्यात कसं जाऊ. पुंजाराम म्हणाला, ताईसाहेब, गडी माणूस मी, बाळंतिणीच्या खोलीत मला कोण घेईल, आणि बायकोला तर आता त्या घरी जायला बंदी केलीय, तिनंच तुमच्या कानावर घातलं म्हणून. सगळे खरंच बोलत होते. सव्वा महिना व्हायला अजून दिवस आहेत, आणि बाळाचा डोळा तोवर थांबत नाही.

जगू तिच्या मांडीवर असतो. तिनं पदराची सळसळ केली की तिच्याकडं तोंड करतो आणि कानाच्या अंदाजानं हसतो. ते हसू तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पडतं. ती सरकून त्याच्या समोर बसते.

आता तिला टेंभुर्णीची वाट बंद आहे, म्हणून ती वाट चालणाऱ्या प्रत्येकाला विचारते. बाजाराला येणाऱ्या बायकांना, दर्शनाला निघालेल्यांना, शेजारणीच्या पाहुण्यांना. आणि हे वाचताय, तर तुम्हालाही. तुम्ही त्या घरच्या नाही, तुमच्या नजरेला आत्या भीत नाही. जाफराबादच्या बाजूला, टेंभुर्णीकडं, जाणार असाल, कुणी ओळखीचं असेल, सोयरं असेल, तर रजनीच्या घरी पाणी मागायच्या निमित्तानं जा. बारशाचं झबलं घेऊन जा. डोळ्यांचं कौतुक करू नका. बाळ हातात मिळालं की चालता चालता दाराच्या उजेडाशी या, आणि बघा, ती मिटते का, तोंड खांद्यात लपवते का. मिटली तर आत्याशी वाद घालू नका. शरदचंद्राला बाजूला घ्या, आणि म्हणा, आजच्या आज हैदराबादची गाडी धर, शरयूचं नाव काढू नकोस. नाही मिटली, टक्क उजेडाकडं बघत राहिली, तरी एवढं करा, कुणाच्या तरी हाती जालन्याला निरोप द्या. पण जा. या आठवड्यातच जा, आणि पोरगी जागी असेल तेव्हा जा.